दिसतंय की सगळं

संध्याकाळी सातनंतर आमच्या दुकानात येणाऱ्या माणसांची एक ठरलेली तक्रार असते. "मॅडम, नंबर वाढलाय बहुतेक. रात्री समोरच्या गाडीची लाईट अशी डोळ्यांत घुसते की पुढचं काहीच दिसत नाही." मी कोपरखैरण्यात एका चष्म्याच्या दुकानात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे साध्या भाषेत नंबर काढणारी. मी त्यांना खुर्चीत बसवते, ट्रायल फ्रेम चढवते, काचा बदलत जाते. बऱ्याचदा नंबर जिथल्या तिथे निघतो. तक्त्यावरची शेवटची ओळ ते घडाघडा वाचतात. सिक्स बाय सिक्स. मग माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांना खोटं पाडलं.

ते खोटं बोलत नसतात. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या तक्त्याकडे नसतं.

माझ्या वडिलांनी मात्र ही तक्रार कधीच केली नाही. ती त्यांनी केली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांचं एकच वाक्य होतं, "दिसतंय की सगळं." त्या वाक्यामुळे मी गेलं वर्षभर रात्रीच्या नजरेबद्दल जे सापडेल ते वाचत सुटले.

आधी तक्त्याचं सांगते. तो १८६२ साली हर्मन स्नेलन या डच डॉक्टरनं तयार केला. पांढऱ्याशुभ्र पाटीवर काळीकुट्ट अक्षरं, आणि भरपूर उजेड. पुस्तक वाचायला, सुईत दोरा ओवायला, फळा दिसायला तुमचे डोळे बरे आहेत की नाही, हे तो चोख सांगतो. पण रात्री साडेदहाला ठाणे-बेलापूर रस्त्याच्या डिव्हायडरवर उभा असलेला, राखाडी शर्टातला माणूस हे काही पांढऱ्यावरचं काळं अक्षर नसतं. तो राखाडीवरचा राखाडी असतो. असा फिकट फरक ओळखता येतो की नाही हे मोजणारे तक्ते वेगळे असतात. १९८८ साली आलेला पेली-रॉब्सन तक्ता त्यातला सगळ्यांत माहितीचा. त्यात अक्षरं लहान होत नाहीत, आकार तोच राहतो, फक्त शाई फिकी फिकी होत जाते. आमच्या दुकानात तो नाही. आसपासच्या कुठल्या दुकानात मी तो पाहिलेलाही नाही.

लायसन्सचंही तेच. लर्निंगच्या वेळी तुम्ही फॉर्म १ भरला असेल. ऑनलाइन भरताना वाचला नसेल, कोणीच वाचत नाही. त्यात विचारलेलं असतं की २५ मीटरवरची गाडीची नंबरप्लेट तुम्हाला चांगल्या दिवसाउजेडी ओळखता येते का. रातांधळेपणा आहे का, असाही एक प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही. चाळिशीनंतर डॉक्टरची सही असलेला फॉर्म १-अ जोडावा लागतो. झालं. लायसन्स रात्री चालवायलाही चालतं, पण नजर तपासलेली असते ती दिवसाची.

आणि रात्रीचा डोळा हा जवळजवळ दुसराच डोळा असतो. डोळ्याच्या पडद्यावर शंक्वाकार आणि दंडाकार पेशी असतात, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. शंक्वाकार पेशी रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना उजेड लागतो. दंडाकार पेशी अंधारात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही आणि त्यांचं चित्र भरड असतं. गंमत अशी की आपण जिकडे रोखून बघतो, त्या अगदी मधल्या ठिपक्यावर दंडाकार पेशी नसतातच. त्या पूर्ण जाग्या व्हायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. रस्त्यावर तेवढा अंधार तुम्हाला मिळत नाही. दर दोन मिनिटांनी कोणाचा तरी हेडलाइट येतो, दुकानांचे बोर्ड असतात, डॅशबोर्ड असतो, होल्डरमध्ये लावलेला मोबाईल असतो. त्यामुळे शहरातला रात्रीचा चालक कायम मधल्या अवस्थेत असतो. दोन्ही प्रकारच्या पेशी अर्धवट कामावर, आणि पूर्ण जबाबदारी कोणाकडेच नाही.

तिन्हीसांजेला तर वेगळाच खेळ होतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं १९व्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपून ठेवलं होतं. उजेड उतरला की लाल फुलं आधी काळी पडतात, निळी-हिरवी मात्र उजळ वाटत राहतात. पुढच्या वेळी गच्चीवरच्या जास्वंदीकडे दिवेलागणीला बघा. तोच नियम लाल टी-शर्टला लागू आहे. धोक्याचा रंग म्हणून आपण ज्याच्यावर भरवसा ठेवतो, तो न उजळलेला लाल संध्याकाळी काळ्याच्या जवळ जातो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. या अहवालांत दिवसाचे तीन-तीन तासांचे तुकडे पाडलेले असतात, आणि सर्वांत जास्त अपघात संध्याकाळी ६ ते ९ या तुकड्यात दिसतात. तेव्हा गर्दीही सर्वांत जास्त असते, घरी पोचायची घाईही असते, म्हणून सगळा दोष अंधाराचा म्हणता येत नाही. पण अंधाराचा हिस्सा त्यात नाही असंही कोणी म्हणत नाही.

आता त्या "घुसणाऱ्या" लाईटकडे येऊ. डोळ्यात शिरलेला उजेड सगळाच्या सगळा पडद्यावर नेमक्या जागी पोचत नाही. थोडा वाटेत विखुरतो, आणि तो विखुरलेला उजेड डोळ्याच्या आतच एक पातळ दुधी पडदा धरतो. मंद उजेडातली फिकी वस्तू त्या दुधी पडद्याआड जाते. या पडद्याचं गणित हॉलाडे या संशोधकानं १९२६ मध्ये मांडलं, स्टाइल्सनं ते पुढे नेलं, आणि रस्त्यांवरच्या दिव्यांचे हिशोब आजही त्याच धर्तीवर होतात. त्यातला कळीचा मुद्दा कोनाचा. तुम्ही जिकडे बघताय ती जागा आणि दिवा यांतला कोन निम्मा झाला, तर पडदा चौपट दाट होतो. म्हणून मध्ये झाडांची रांग असलेल्या पाम बीच रोडपेक्षा सेक्टरच्या आतल्या डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर तोच हेडलाइट जास्त छळतो.

दुसरा मुद्दा वयाचा. सत्तरीत हा पडदा तरुणपणाच्या साधारण दुप्पट होतो, आणि तो मोतीबिंदू नसलेल्या डोळ्याचा हिशोब आहे. शिवाय वय वाढलं की अंधारात बाहुली पुरती मोठी होत नाही आणि डोळ्याची भिंग पिवळी पडत जाते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो.

पप्पा ५७ वर्षांचे आहेत. ते माथाडी आहेत. कोपरखैरण्यात याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. इथल्या माथाडी वसाहतींत साताऱ्याकडची घरं इतकी आहेत की गावाकडच्या जत्रांच्या दिवसांत आमची चाळ निम्मी रिकामी होते. पप्पा भाजीपाला मार्केटात आहेत, आणि भाजीचा बाजार म्हणजे रात्रीचा बाजार. गाड्या मध्यरात्रीनंतर लागायला लागतात, पहाटे माल उतरतो, आणि आपण उठून दात घासेपर्यंत कोबी-वाटाणा मुंबईभर पसरलेला असतो. गेली कित्येक वर्षं पप्पा रात्री अडीचला उठतात, आई चहा करते, आणि ते स्कूटर काढून एपीएमसीला जातात. चार-पाच किलोमीटर. अंगात गडद निळं जाकीट, डोक्याला मफलर, त्यावर हेल्मेट, डिकीत गोणी उचलायचा आकडा. रस्ता मोकळा, आणि मोकळा असल्यामुळेच वेगात आलेले टेम्पो आणि कडेला रांगेनं उभे असलेले ट्रक. त्यातल्या काहींचे मागचे दिवे बंद.

मागच्या वर्षी मी त्यांना जबरदस्तीनं दुकानात नेलं, वाचायच्या चष्म्यासाठी. लांबचं सिक्स बाय नाइन आलं, म्हणजे तसं छानच. पण रेटिनोस्कोपनं डोळ्यात उजेड टाकला तर मधोमध एक धुरकट सावली. डॉक्टरकडे पाठवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात, आणि तीही भिंगाच्या मागच्या पापुद्र्याला लागून. हा प्रकार तक्त्यावर फार उठून दिसत नाही, पण समोरून झोत आला की सगळं दुधाळ करतो. डॉक्टर म्हणाले, त्रास वाटत असेल तर करून घ्या, नसेल तर थांबलं तरी चालेल.

"मला काय त्रास न्हाय," पप्पा म्हणाले. "दिसतंय की सगळं."

यामागे हट्ट आहेच, पण हिशोबही आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन हल्ली अर्ध्या तासाच्या आत होतं, माणूस त्याच दिवशी घरी येतो. पण नंतर काही आठवडे वजन उचलायचं नाही. आयटीतल्या माणसाला ही सूचना म्हणजे जिम बंद. माथाडीला ती म्हणजे मजुरी बंद, कारण टोळीनं जेवढा माल हलवला त्यावर पैसे. आणि डोळे दोन. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालाला बरंच काही दिलं, पण पन्नास किलोची गोणी न उचलता तिची मजुरी कशी मिळवायची, हे कुठला कायदा सांगणार?

मला मात्र हिशोबापेक्षा ते "दिसतंय की" जास्त खुपत होतं, कारण ते खरं होतं. त्यांना खरोखरच दिसत होतं. वळण दिसत होतं, कड दिसत होती, स्कूटर सरळ जात होती. याचं स्पष्टीकरण मला हर्शेल लीबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या कामात सापडलं. १९७७ मध्ये त्यानं आणि ओवेन्सनं 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की नजरेची दोन कामं असतात. एक म्हणजे आपण कुठे आहोत, कुठे चाललोय, रस्ता कसा वळतोय हे सांभाळणं. दुसरं म्हणजे समोर काय आहे ते ओळखणं. अंधार पडला की दुसरं काम झपाट्यानं ढासळतं, पण पहिलं बऱ्यापैकी शाबूत राहतं. पुढे ओवेन्स आणि टायरेल यांनी प्रयोगशाळेत उजेड कमी करत नेऊन तपासलं. तरुणांचं स्टिअरिंग फारसं ढळलं नाही, बारीक बघण्याची क्षमता मात्र कोसळली.

हे वाचल्यावर मी बराच वेळ फोन खाली ठेवून बसले होते. गाडी चालवताना "मला नीट दिसतंय" ही खात्री आपल्याला कशावरून येते? गाडी सरळ चाललीय यावरून. म्हणजे जे काम बिघडतच नाही, त्याच्यावरून आपण बिघडलेल्या कामाला पास करतो. धुकं असलं की माणूस आपोआप सावकाश जातो, कारण तिथे रस्ताच दिसेनासा होतो. अंधारात रस्ता दिसतो, फक्त रस्त्यावरचा माणूस दिसत नाही, आणि वेग तोच राहतो. हे फक्त सत्तावन्न वर्षांच्या पप्पांचं नाही. घणसोलीहून रात्री दीडला कॅब चालवणाऱ्या पंचविशीतल्या पोराचंही हेच.

एक साधा हिशोब करून बघा. ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकनं थांबायला आणखी २० मीटर. झाले ४५. ज्याची अपेक्षाच नव्हती अशा गोष्टीला दीड सेकंद पुरत नाही, हे वेगळंच. आणि डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस कित्येकदा याहूनही जवळ आल्यावर दिसतो. जुलैत तर विचारूच नका. कोरडा डांबरी रस्ता हेडलाइटचा थोडा उजेड तुमच्याकडे परत फेकतो, ओला रस्ता आरशासारखा तो पुढे सरकवतो, थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. पांढऱ्या पट्ट्यांतले काचेचे बारीक मणी पाण्याखाली जातात आणि पट्ट्या गायब होतात. नवी मुंबईच्या पावसात आपण सगळे अंदाजानंच चालवत असतो.

अंधाराला माणसाचा पहिला उपाय म्हणजे मोठा दिवा. पप्पांच्या टोळीतल्या एकानं स्कूटरला पांढरा एलईडी बल्ब टाकून घेतला होता. "दिवस पडतो नुसता," असं वर्णन घरी आलं, आणि पप्पांनाही तो हवा झाला. मला त्यांचं म्हणणं कळत होतं. ज्याला दिसत नाही तोच जास्त उजेड मागतो. पण त्या बल्बची भानगड समजून घेण्यासारखी आहे.

जुन्या हॅलोजन हेडलाइटमधला एच-फोर बल्ब जवळून बघा. स्कूटरमधला त्याचाच धाकटा भाऊ असतो. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ती वाटी तारेचा उजेड आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडू देत नाही, कारण तिथून परतलेला उजेड वर, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आरशाचा घाट त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो, आणि त्या जागेत मिलिमीटरचाही फरक चालत नाही. गाडी बाजारात येण्याआधी पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत अंधाऱ्या खोलीत तिच्या दिव्याचा झोत मोजला जातो. उजेड कुठे पडला पाहिजे आणि कुठे पडता कामा नये, याचा पूर्ण नकाशा ठरलेला असतो. मग आपण काहीशे रुपयांचा बल्ब आणतो, ज्याच्यात ती तार नाही, ती वाटी नाही, आणि चकचकीत चिप भलत्याच जागी बसलेली आहे. उजेड वाढतो खरा, पण सगळीकडे फेकला जातो. शिवाय निळसर पांढरा उजेड तेवढ्याच पिवळसर उजेडापेक्षा डोळ्याला जास्त बोचतो.

आपल्याकडे नियम नाही असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ म्हणतो की पुढचा झोत कायमचा इतका खाली वळलेला असावा, की दिव्यापासून ८ मीटरवर, १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपायला होणार नाही. नाहीतर तो चालकाला खाली करता आला पाहिजे. आमच्या आधीच्या पिढीला हेडलाइटच्या वरच्या भागावर फासलेला काळा रंग आठवत असेल. ओबडधोबड उपाय होता, पण हेतू तोच. "यूज डिपर ॲट नाइट" हे तर ट्रकच्या पाठीवरचं आपलं राष्ट्रीय साहित्यच आहे. आता १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा हेडलाइट बंद करायचं बटणच नसतं. ती कल्पना फिनलंड-स्वीडनची, सत्तरच्या दशकातली. दिवा दिवसाही लावायचा, बघण्यासाठी नव्हे, दिसण्यासाठी. कल्पना चांगली आहे. पण ती ज्या दिव्यावर उभी आहे, तोच वर तोंड करून जळत असेल तर अवघड आहे. महागड्या गाड्यांत आता समोरच्या गाडीपुरता झोतात खड्डा पाडणारे हेडलाइट आलेत. भारी तंत्र आहे. पहाटे तीनच्या तुर्भे नाक्यावर ते कधी पोचणार, देव जाणे.

बल्ब मी आणू दिला नाही. मग पप्पांच्या फोनवर पिवळ्या चष्म्याची जाहिरात आली. तुम्हीही पाहिली असेल. डावीकडे चकाकणारे हेडलाइट, उजवीकडे पिवळ्या काचेतून स्वच्छ रस्ता. हे चष्मे आमच्या दुकानातही टांगलेले असतात, आणि मालकांचं माझ्याशी त्यावरून अधूनमधून वाजतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या शेपन्स आय रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी ते सिम्युलेटरवर तपासले. समोरून हेडलाइटची चकाकी, आणि रस्त्यावर चालणारी माणसं ओळखायची. पिवळ्या काचेनं फायदा काही झाला नाही. होणार कसा? कुठलीही रंगीत काच उजेड कमीच करते, आणि रात्री आधीच कमी असतो. पण डोळ्याला "शांत" वाटतं, आणि गिऱ्हाइकाला ते शांत वाटणं विकत घ्यायचं असतं. मी विचारणाऱ्याला खरं ते सांगते. तरी बरेच जण घेतात.

मग राहतं काय? डोळा लगेच बदलत नाही, दुसऱ्याचा हेडलाइट आपल्या हातात नाही. आपण दुसऱ्याला दिसतो का, एवढं मात्र थोडंफार हातात असतं, आणि तिथेही मन दगा देतं. १९७० मध्ये मेरिल ॲलन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अंधारात माणसं उभी करून विचारलं, गाडीवाल्याला तुम्ही किती लांबून दिसत असाल? माणसांनी सांगितलेलं अंतर खऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त होतं. हे अगदी समजण्यासारखं आहे. पायी चालणाऱ्याला हेडलाइट अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो. मला तो दिसतोय, तर त्याला मी दिसणारच. एवढा प्रखर दिवा अंगावर पडलाय! पण दिवा बघणं आणि दिव्याच्या उजेडात निळं जाकीट बघणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

२००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जोआन वूड आणि तिच्या सहकाऱ्यांनी बंद रस्त्यावर खऱ्या गाड्या चालवून हे तपासलं. डिपर, समोरून चकाकी आणि काळे कपडे असं जमून आलं तेव्हा चालकांना रस्त्याकडेची माणसं फक्त ५ टक्के वेळा ओळखता आली. माणसानं सांध्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या बांधलेल्या असताना, चकाकी नसेल तर, १०० टक्के वेळा. पट्ट्या सांध्यांवर का, त्याचं उत्तर १९७३ साली गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं दिलेलं आहे. त्यानं अंधारात माणसाच्या घोटा, गुडघा, मनगट, कोपरावर फक्त ठिपके चमकवले. माणूस स्थिर असताना तो नुसता ठिपक्यांचा पुंजका. तो चालायला लागला की बघणाऱ्याला क्षणात कळतं, हा माणूस आहे. चालण्याची लय मेंदू फार लवकर ओळखतो. म्हणून छातीवरच्या जाकिटापेक्षा घोट्यावरची पट्टी कधीकधी जास्त कामाची. ती हलते, आणि खाली असल्यामुळे डिपरच्या झोतातही येते. पाठीवर मोठी बॅग लावून फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांनी तर हे जरूर करून बघावं.

तुर्भ्याला ट्रकचं सामान मिळतं तिथून मी ट्रकवर चिकटवतात त्या पांढऱ्या टेपचा तुकडा आणि शिवायची राखाडी पट्टी आणली. जाकिटाच्या कोपरांवर आणि पँटच्या तळाशी लावायची म्हटल्यावर पप्पा भडकले.

"मी काय टेम्पो हाय का?"

"टेम्पोला तरी पाठीमागनं कोणी ठोकत नाही," आई आतून म्हणाली.

ट्यूबलाइटखाली ती पट्टी अगदी मरगळलेली दिसते, तोच तिचा गोंधळ. तिच्यातले बारीक मणी उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतात, बाजूला कुठे सांडत नाहीत. त्यामुळे ती फक्त दिव्याजवळ डोळे असलेल्याला दिसते, आणि गाडीत तसा माणूस म्हणजे चालकच. तुमच्याकडे असलेल्या बॅगेवर किंवा बुटावर अशी पट्टी असेल तर आत्ताच बघता येईल. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च डोळ्याच्या बाजूला, कपाळाजवळ धरा आणि बघा. मग टॉर्च तसाच ठेवून हात लांब करा. पट्टी विझते.

मी पप्पांना चाळीच्या पॅसेजच्या टोकाला उभं केलं, दिवा बंद केला, टॉर्च त्यांच्या कपाळाला लावला आणि धाकट्या भावाला ते जाकीट घालून दुसऱ्या टोकाकडून चालत यायला सांगितलं. एका बाहीला पट्टी, दुसरी बाही तशीच. भाऊ दहा पावलं आला असेल. पप्पा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचा दुसरा हात कुठं गेला?"

त्या आठवड्यात त्यांनी जाकिटाला नाही, पण पावसाळी गमबुटांना टेप लावून घेतली, घोट्याच्या वर, चहूबाजूंनी. गमबुटाला लावलेलं कोणी बघत नाही म्हणे. स्कूटरच्या मागच्या मडगार्डलाही लाल लावली. मार्केटात गाड्या रिव्हर्स येतात तिथे या पट्टीचा उपयोग फारसा नाही, मागचा दिवा मिणमिणता असतो. ते त्यांनीच मला सांगितलं. तिथे अजून कंडक्टरची शिट्टी आणि ट्रकच्या पत्र्यावर मारलेली थाप, एवढंच चालतं.

यातलं काय किती उपयोगी पडेल, याबद्दल मी आता जपून बोलते. सत्तरच्या दशकात व्होएव्होड्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींना मागे एक जादा ब्रेकलाइट लावून बघितला. मागून होणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या. पुढे १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक कारला मागच्या काचेत तिसरा दिवा सक्तीचा झाला, आणि १९९८ च्या सरकारी मोजणीत घट निघाली ४.३ टक्के. तोवर प्रत्येक गाडीला तो दिवा होता, आणि नव्याचं नवल संपलं होतं. पण दिवा इतका स्वस्त होता की ४.३ टक्केही भरपूर ठरले, आणि आज तो जगभर आहे. उसाच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावत फिरणाऱ्या पोलिसांचे फोटो पेपरात दर वर्षी येतात. दर वर्षी तेच ते, असं आधी वाटायचं. आता मी ते फोटो मोठे करून बघते, पट्टी कुठे लावलीय ते.

ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, दसऱ्यानंतरची, आधी उजवा डोळा. पप्पांनी टोळीशी बोलून घेतलंय. पहिले दोन आठवडे ते जाणार नाहीत, पुढचे काही दिवस नुसते मापाडीजवळ उभे राहून गोण्या मोजतील, आणि वाटणीचं काय ते मुकादम बघेल. दुसऱ्या डोळ्याचं बोलणं अजून काढायचं नाही, असं आईनं बजावलंय. तोपर्यंत ते खालच्या मजल्यावरच्या एका टोळीवाल्याच्या मागे बसून जातात. त्याची नजर चांगली आहे, वय तिशीचं. त्याच्या स्कूटरला तो पांढरा बल्ब आहे. मी एकदा जिन्यात गाठून त्याला त्या वाटीचं सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "ताई, बरोबर आहे तुमचं. पण समोरच्यानं काढला की मी पण काढतो."